एक ओळखीचं, एक नवं: सोबतच्या वाचकांना पुस्तकं कशी सुचवावीत

"काहीतरी चांगलं वाचायला सुचवा" असं कुणी म्हटलं की बहुतेक जण स्वतःला आवडलेल्या पुस्तकांची नावं सांगून मोकळे होतात. विचारणारा मान डोलावतो, नावं मोबाइलमध्ये टिपून घेतो आणि त्यातलं एकही पुस्तक हातात घेत नाही. दोष त्याच्या आळसाचा नसतो. सांगणाऱ्याने पुस्तकाचा विचार केलेला असतो, वाचणाऱ्याचा केलेला नसतो.

हा लेख सोलापुरात वाचनकट्टा चालवणाऱ्यांसाठी, ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर बसणाऱ्यांसाठी आणि ज्यांना ओळखीपाळखीचे लोक हटकून "काय वाचू?" असं विचारतात त्यांच्यासाठी आहे. एका माणसाला पुस्तक कसं सुचवावं इथपासून दहा-बारा जणांच्या गटासाठी वर्षभराची सरमिसळ यादी कशी बांधावी इथपर्यंतची रीत यात दिली आहे.

आधी तीन प्रश्न

"तुम्हाला काय आवडतं?" हा प्रश्न टाळा. त्यावर माणूस खरं उत्तर देत नाही, शोभेलसं उत्तर देतो. ऐतिहासिक कादंबऱ्या आवडतात म्हणणाऱ्याने गेल्या पाच वर्षांत एकही पूर्ण केलेली नसते. त्याऐवजी हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला: शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं आणि ते किती दिवसांत संपलं? नाव आठवत नसेल तर विषय विचारा. पुस्तकच आठवत नसेल तर दिवाळी अंकातली एखादी कथा, रविवारच्या पुरवणीतलं सदर, काहीही चालेल.

दुसरा: अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक कोणतं आणि साधारण कितव्या पानावर सोडलं? हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. विसाव्या पानाच्या आत सोडलं असेल तर बहुधा भाषा अडली. शंभराच्या पुढे सोडलं असेल तर भाषा जमली होती, पण पुस्तक लांबलं किंवा मध्ये घरचं काही आलं. पहिल्या माणसाला सोप्या भाषेचं पुस्तक हवं, दुसऱ्याला फक्त बारीक पुस्तक हवं. दोघांनीही "कंटाळा आला" एवढंच सांगितलेलं असतं.

तिसरा: कुठे आणि कधी वाचता? यंत्रमागाच्या पाळीवरून घरी आलेला माणूस, जुळे सोलापुरात दुपारी दोन तास मोकळ्या असलेल्या निवृत्त शिक्षिका आणि स्पर्धा परीक्षेसाठी दिवसभर अभ्यासिकेत बसणारा मुलगा यांना एकच पुस्तक देता येत नाही. अभ्यासिकेतल्या मुलाला माहितीपर पुस्तक देण्याचा मोह होतो, पण त्याचा मेंदू दिवसभर माहितीनेच शिणलेला असतो. त्याला कथा द्या, एका बैठकीत संपणारी.

वेळेचा हिशेब

डेमी (म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या) आकाराच्या मराठी पुस्तकात एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात. वाचणाऱ्याला सांगा: कुठल्याही पुस्तकाची पाच पानं नेहमीच्या गतीने वाचा आणि घड्याळ बघा. पाच पानांना दहा मिनिटं लागली, म्हणजे पानाला दोन मिनिटं. रोज वीस मिनिटं मिळत असतील तर दहा पानं होतात. महिन्यात लग्नं, पाहुणे, आजारपण, पाळीची अदलाबदल धरून प्रत्यक्षात बावीस दिवसच वाचन होतं असं समजा. म्हणजे महिन्याला दोनशे वीस पानं. गटासाठी महिन्याचं पुस्तक निवडताना हीच वरची हद्द धरा. त्याहून जाड पुस्तक घ्यायचं असेल तर दोन महिने द्या किंवा ते मे महिन्यात ठेवा.

ही आकडेमोड रुक्ष वाटेल, पण गट मोडण्याचं सर्वांत मोठं कारण इथेच असतं. पहिल्याच महिन्यात पाचशे पानांची गाजलेली कादंबरी निवडली जाते, दोघांचीच वाचून होते, बाकीचे ओशाळून बैठकीला येत नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात गट फक्त शुभेच्छांचे संदेश पाठवण्यापुरता उरतो.

पूल बांधणे

आता मुख्य गोष्ट. सुचवलेल्या प्रत्येक पुस्तकात वाचणाऱ्याच्या ओळखीचं काहीतरी एक असावं आणि अगदी नवं असं काहीतरी एक असावं. सगळंच ओळखीचं असेल तर वाचन पुढे सरकत नाही. सगळंच नवं असेल तर माणूस पहिल्या दहा पानांत गळतो. ओळखीची गोष्ट विषयाचीच असली पाहिजे असं नाही. ती जागा असू शकते, बोली असू शकते, काम असू शकतं, खाण्याची वस्तूसुद्धा असू शकते.

उदाहरणं घेऊ. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हे १९८१ सालचं चरित्र. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला मुलगा कृषिशास्त्रज्ञ होतो, ही सोलापूरच्या गृहिणीसाठी फार लांबची गोष्ट. पण कार्व्हरने भुईमुगाच्या शेंगेपासून काय काय केलं, हे शेंगाचटणीच्या गावात सांगायला लागा, पूल आपोआप तयार होतो.

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींच्या लढ्याबद्दल आहे. त्याला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथल्या वाचकाला वारली पाडे माहीत नसतील, पण सोलापूरजवळच्या कुंभारीची विडी कामगारांची वसाहत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या गोदूताई हे पुस्तक लिहितात, एवढं सांगितलं तरी शहराच्या पूर्व भागातला वाचक पुस्तक उघडतो. रोज ज्या नावाच्या पाटीखालून जायचं, त्या नावामागचा माणूस त्याला भेटतो.

शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (१९८४) अक्कलकोट तालुक्याच्या मातीतून आलेलं आहे. गावांची नावं, भाषेतला कानडी हेल, सगळं जवळचं. नवं आहे ते त्या गावाकडे गावकुसाबाहेरून बघणं. इथे पूल उलट दिशेने चालतो: ओळखीची जागाच अनोळखी होते. म्हणून हे पुस्तक देताना "आपल्याकडचं आहे" एवढंच सांगून थांबू नका. त्यातलं दुःख थेट आणि उघडं आहे हेही सांगा, म्हणजे वाचणारा तयारीने बसेल.

मारुती चितमपल्ली सोलापूरचेच. २००६ साली सोलापुरात भरलेल्या ७९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचं 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र जाड आहे, त्यामुळे नव्या वाचकाला आधी 'रानवाटा' द्या. त्यातले लेख सुटे सुटे वाचता येतात. ज्याने नान्नजचा माळढोक पक्ष्यांचा माळ पाहिला आहे किंवा उजनीच्या पाण्यावर पक्षी बघितले आहेत त्याला वेगळा पूल लागत नाही.

"काय वाचू?" यावर तीनच नावं

एका माणसाला एका वेळी तीन पुस्तकं सांगा, दहा नाहीत. एक जवळचं, एक पाऊलभर पुढचं, एक लांबचं. समजा कुणाला 'बनगरवाडी' आवडलं. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि शेवटी पडणारा दुष्काळ, व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ सालची छोटी कादंबरी सांगोल्याकडच्या माणसाला घरची वाटते. त्याला जवळचं म्हणून माडगूळकरांचीच 'माणदेशी माणसं' द्या. पाऊलभर पुढचं म्हणून सदानंद देशमुखांची 'बारोमास': शेती तीच, पण प्रदेश विदर्भाचा, काळ अलीकडचा आणि शिकून बेकार राहिलेल्या मुलाचा. लांबचं म्हणून विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९): युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी आणि एक मराठी पुरुष. 'बनगरवाडी'शी हिचं नातं एवढंच की पुस्तक लहान आहे आणि वाक्यात पसारा नाही. तेवढा पूल पुरतो, कारण ज्याला आटोपशीर गद्याची गोडी लागली त्याला बोटीवरही तीच गोडी सापडते.

तीनही पुस्तकांबद्दल मिळून सहा वाक्यांपेक्षा जास्त बोलू नका. ऐकणाऱ्याला गोष्ट सगळी कळली की वाचायचं कारण उरत नाही.

गटाची वर्षाची यादी

दहा-बारा जणांच्या गटासाठी बारा महिन्यांची यादी करायची असेल तर आधी मापं ठरवा, नावं नंतर. आमचा सल्ला असा: कादंबऱ्या चारपेक्षा जास्त नकोत. आत्मचरित्र किंवा चरित्र दोन. कथासंग्रह एक, कवितासंग्रह एक, नाटक एक, प्रवास किंवा निसर्ग यांतलं एक, विचारप्रधान किंवा वार्तांकनाचं एक. एक महिना दिवाळी अंकांसाठी राखून ठेवा. याशिवाय तीन आडव्या अटी लावा: बारांत किमान चार पुस्तकं स्त्रियांनी लिहिलेली असावीत, किमान दोन अनुवादित असावीत आणि किमान दोन १९५०च्या आधीची असावीत. एकच पुस्तक दोन अटी भागवू शकतं, त्यामुळे हे वाटतं तितकं अवघड नाही.

आता क्रम, कारण यादीतली गंमत आणि घोळ दोन्ही क्रमात असतात.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. गावभर नंदीध्वजांची धामधूम, घराघरांत पाहुणे. या महिन्यात नाटक घ्या, कारण ते एका संध्याकाळी मोठ्याने वाचून संपवता येतं. गिरीश कार्नाडांचं 'तलेदंड' (मूळ कन्नड, १९९०) बाराव्या शतकातल्या कर्नाटकातल्या कल्याणमध्ये (आजच्या बसवकल्याणमध्ये), बसवण्णांच्या काळात घडतं. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बसवण्णांच्याच शरण, म्हणजे शिवभक्तांच्या, चळवळीतले कन्नड वचनकार होते. यात्रेच्या महिन्यात हे नाटक भूमिका वाटून वाचलं तर जातीचा आणि धर्माचा तो जुना वाद आजचा होऊन समोर येतो. पात्रं जास्त आहेत, म्हणून एकेकाला दोन-तीन भूमिका द्या आणि कागदावर पात्रांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून मध्ये ठेवा. नाहीतर दुसऱ्या अंकात कोण बोलतंय याचा गोंधळ होतो.

मार्च हा परीक्षांचा आणि बँक-कचेऱ्यांतल्या वर्षअखेरीचा महिना. कविता घ्या. नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' (१९६६) गिरणीगावाला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या कापड गिरण्या बंद पडल्या तरी त्यांचे भोंगे ऐकलेली पिढी अजून घरांत आहे. कवितासंग्रह पूर्ण वाचायला सांगू नका. प्रत्येकाने एक कविता निवडून मोठ्याने वाचायची आणि का निवडली ते दोन वाक्यांत सांगायचं. सोबत दत्ता हलसगीकरांसारख्या इथल्या कवीची एखादी कविता घेतली की वाचायला संकोचणारेही तोंड उघडतात.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. दुपारी घराबाहेर पडता येत नाही, म्हणजे वाचायला वेळ आहे; पण डोकं जड असतं. एप्रिलमध्ये 'बनगरवाडी'सारखं लहान पुस्तक ठेवा. मेमध्ये मुलं घरी असतात, तेव्हा प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' घ्या. लंपन या मुलाच्या या कथा बेळगावकडच्या, त्यांची मराठी कानडी वळणाची. सोलापूरच्या कानाला ती भाषा लगेच ओळखीची वाटते, पुण्याच्या वाचकाला जिथे थांबावं लागतं तिथे इथला वाचक हसून पुढे जातो. रात्री गच्चीवर एक कथा मोठ्याने, एवढंच केलं तरी महिना सार्थकी लागतो.

आषाढीच्या महिन्यात दि. बा. मोकाशींचं 'पालखी' घ्या. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी चालत केलेलं हे वारीचं निरीक्षण आहे. लेखक भाविकाच्या भूमिकेतून लिहीत नाही, तरी वारकऱ्यांची चेष्टाही करत नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे गटातल्या निम्म्या लोकांनी वारी पाहिलेली किंवा केलेली असते. चर्चा पुस्तकावरून घसरून प्रत्येकाच्या वारीच्या आठवणींवर जाईल. अर्धा तास जाऊ द्या, मग "मोकाशींना जे दिसलं ते तुम्हाला दिसलं होतं का?" हा प्रश्न टाका, गाडी रुळावर येते.

१९५०च्या आधीच्या दोन पुस्तकांत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' असायलाच हवं. ते चार भागांत आहे, म्हणून गटासाठी पहिले दोन भाग पुरे. भाषा इतकी बोलकी आहे की जुनं पुस्तक म्हणून घाबरलेला वाचक दहाव्या पानापर्यंत ते वय विसरतो. दुसरं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास', १८५७च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या वरसईच्या भिक्षुकाचं कथन. इथे आवृत्ती बघून घ्या. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी ते प्रथम छापलं तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती पुढे दत्तो वामन पोतदारांनी काढली. गटात दोघांकडे दोन वेगळ्या आवृत्त्या आल्या तर "माझ्या पुस्तकात हे नाहीच" असा वाद होतो आणि दोघंही बरोबर असतात.

'अक्करमाशी', 'बलुतं', 'आयदान', 'जिणं आमुचं' यांतलं एखादं पुस्तक जवळपास प्रत्येक यादीत येतं, आणि यायला हवं. पण सगळी सलग लावून "दलित साहित्याची तिमाही" करू नका. त्याने दोन गोष्टी बिघडतात. वाचणाऱ्याला पुस्तकांतला फरक दिसेनासा होतो, सगळ्यांचं दुःख एकच वाटू लागतं. आणि उरलेल्या नऊ महिन्यांत त्या जगाचा विसर पडतो. उर्मिला पवारांचं 'आयदान' 'स्मृतिचित्रे'च्या पुढच्याच महिन्यात ठेवा. दोन बायका, दोन काळ, दोन जाती, घर सांभाळून लिहिणं तेच. चर्चा दोन्ही पुस्तकांची मिळून होते आणि फार खोल जाते.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) कुठल्याही एका महिन्यात बसवू नका. त्यात बारा मराठी महिन्यांवर बारा लेख आहेत. प्रत्येक बैठकीची सुरुवात त्या-त्या महिन्याच्या लेखातलं एक पान मोठ्याने वाचून करा. एका बैठकीत संपवलं तर गोडाचा अतिरेक होतो, पण महिन्याला एक पान म्हणून वर्षभर टिकतं.

नोव्हेंबर किंवा दिवाळी येईल तो महिना अंकांचा. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही प्रथा म्हणजे मराठी वाचकाला मिळालेली चाखून बघायची थाळी आहे. गटाने मिळून पाच-सहा अंक घ्यावेत, आठवड्याला अदलाबदल करावी. प्रत्येकाने आपल्याला आवडलेल्या एका अनोळखी लेखकाचं नाव लिहून द्यावं. पुढच्या वर्षाच्या यादीतली दोन-तीन नावं इथूनच निघतात, पुरस्कारांच्या यादीतून काढण्यापेक्षा ही कितीतरी चांगली.

घरची भाषा वेगळी असेल तर

सोलापुरात हा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात अनेक घरांत उर्दू किंवा दखनी. मराठी वाचता येतं का, एवढं विचारून भागत नाही. शाळा कोणत्या माध्यमाची होती ते विचारा. मराठी माध्यमात शिकलेला तेलुगूभाषक मराठी सहज वाचतो. तेलुगू माध्यमात शिकलेल्याला बोललेलं सगळं समजतं, पण देवनागरीतली लांब वाक्यं थकवतात. त्याला पुस्तक देण्याऐवजी ऐकवा.

कन्नडमधून मराठीत आलेली पुस्तकं भरपूर आहेत आणि उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळे भैरप्पांची 'वंशवृक्ष'सारखी कादंबरी मराठी घरांतली झाली आहे. गटात कन्नड वाचणारं कुणी असेल तर त्यांना मूळ पुस्तक वाचायला सांगा आणि बैठकीत दोन-तीन परिच्छेद ताडून बघा. अनुवादात काय सुटतं आणि काय नव्याने येतं, हे अशा एका तासात जेवढं कळतं तेवढं भाषणातून कळत नाही. तेलुगूतून मराठीत आलेली पुस्तकं त्या मानाने फारच थोडी. म्हणून तेलुगूभाषक सदस्याला वर्षातून एकदा मूळ तेलुगू कथा तोंडी सांगायला लावा. ती यादीतल्या अनुवादाइतकीच मोजा.

विड्या वळणाऱ्या बायकांचे हात आणि डोळे कामात असतात, कान मोकळे असतात. तिथे कुणीतरी वाचून दाखवणं किंवा स्टोरीटेलसारख्या ॲपवरचं श्राव्य पुस्तक लावणं हाच मार्ग. ऐकण्यासाठी पुस्तक निवडताना कसोटी वेगळी. बोलल्यासारखी भाषा हवी, प्रसंग छोटे हवेत, पात्रं थोडी हवीत. 'स्मृतिचित्रे', 'माणदेशी माणसं', पु. लं.ची 'व्यक्ती आणि वल्ली' ऐकायला उत्तम. जी. एं.ची 'काजळमाया' ऐकण्यासाठी देऊ नका. तिथलं वाक्य डोळ्यांनी परत मागे जाऊन वाचावं लागतं, आणि ऐकताना मागे जाता येत नाही.

चिठ्ठी कशी लिहावी

पुस्तकाबरोबर साठ ते ऐंशी शब्दांची चिठ्ठी द्या, पुस्तकात खुणेसारखी ठेवलेली. तीत पाच गोष्टी असाव्यात: पुस्तक काय प्रकारचं आहे, कुठे आणि कधी घडतं, कुठे अडेल, कुणाला आवडणार नाही, आणि पुस्तक आवडलं तर पुढे काय. नमुना असा:

"रणांगण. लहान कादंबरी, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरची. सगळं एका बोटीवर घडतं. सुरुवातीला बरेच परदेशी प्रवासी एकदम भेटतात, त्यांची नावं लक्षात ठेवायची धडपड करू नका, महत्त्वाची माणसं आपोआप वर येतील. प्रेमकथा आहे, पण सुखान्त हवा असणाऱ्यांनी दुसरं घ्यावं. दोन-तीन रात्रींत संपते. आवडली तर पुढे याच काळातलं एखादं आत्मचरित्र देतो."

"अप्रतिम", "प्रत्येकाने वाचलंच पाहिजे", "डोळ्यांत पाणी येतं" असले शब्द चिठ्ठीत नकोत. त्यांनी वाचणाऱ्यावर ओझं येतं. डोळ्यांत पाणी आलं नाही तर आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं आणि तो पुढच्या वेळी आवडलं नसतानाही "छान होतं" म्हणतो. एकदा हे खोटं सुरू झालं की तुमच्या हातातली सगळी माहिती निकामी होते.

प्रती

बारा जणांना बारा प्रती लागत नाहीत. दोनशे पानांच्या आतल्या पुस्तकाच्या चार प्रती, दर दहा दिवसांनी हात बदलायचा, महिन्यात बारा वाचक होतात (त्या दहा दिवसांत रोजची वीस मिनिटं पुरणार नाहीत, वेळ वाढवावा लागेल). त्यांपैकी दोन प्रती हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक ग्रंथालयांतून सदस्यांच्या नावावर घ्या, दोन विकत घ्या आणि वर्षाच्या शेवटी गटातल्याच कुणाला अर्ध्या किमतीत द्या. यादी पक्की करण्याआधी पुस्तक छापील उपलब्ध आहे का ते प्रकाशकाकडे किंवा दुकानात फोन करून विचारा. मराठीत चांगलं पुस्तक वर्षानुवर्षं आवृत्ती संपलेल्या अवस्थेत राहतं. निवड जाहीर झाल्यावर हे कळलं तर महिना वाया जातो. मुखपृष्ठावर "संक्षिप्त" असं लिहिलंय का तेही बघा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ पाठवू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. आधीच लहान असलेल्या मराठी पुस्तकांच्या बाजारात अशा प्रत्येक फाइलमुळे पुढची आवृत्ती आणखी लांबते. ज्यांची साठ वर्षं उलटली आहेत अशा लेखकांचं बरंच लेखन मराठी विकिस्रोतावर रीतसर मिळतं, ते खुशाल वाटा.

दहा दिवसांनी

पुस्तक दिल्यावर दहाव्या दिवशी विचारा, "कुठवर आलात?" "आवडलं का?" असं विचारू नका. पहिल्या प्रश्नाला पान क्रमांक मिळतो, दुसऱ्याला भिडस्त होकार. तीस पानं वाचूनही जीव लागत नसेल तर पुस्तक परत करायला सांगा, मुक्याने नाही, कारण सांगून. सावकाश सुरू होणारं पुस्तक असेल तर चिठ्ठीतच तीसच्या जागी साठ लिहा.

बैठक दीड तासाची ठेवा. पहिली पंधरा मिनिटं पुस्तक सोडलेल्यांची, त्यांनीच आधी बोलायचं. ज्यांनी पूर्ण वाचलं ते आधी बोलले की सोडलेले गप्प बसतात आणि गटाला पुढचं पुस्तक निवडायला लागणारी खरी माहिती हरवते. मग चाळीस मिनिटं चर्चा, पंधरा मिनिटं आवडलेले परिच्छेद मोठ्याने आणि शेवटची वीस मिनिटं पुढच्या पुस्तकाची ओळख व प्रतींचं वाटप.

या सगळ्याची एक वही ठेवा. रकाने: तारीख, वाचक, पुस्तक, प्रकार, पानं, मूळ भाषा, कोणत्या काळातलं, कुठल्या प्रदेशातलं, लेखक की लेखिका, पूर्ण की सोडलं, कितव्या पानावर, कारण. दर तीन महिन्यांनी एकेका रकान्यावरून बोट वरून खाली फिरवा. ज्या रकान्यात एकच शब्द सलग तीनदा आला तिथे तुमची सवय लपलेली आहे. "प्रदेश" या रकान्यात सारखं पुणे-मुंबई येत असेल, "काळ" या रकान्यात १९६० ते १९८० याच्या पुढे काही नसेल, तर पुढची निवड तिथून करा. अलीकडचं हवं असेल तर जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथांपासून सुरुवात करा. २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना आहे आणि गिरण्यांच्या राखेबद्दल सोलापूरला वेगळं सांगायला नको.

सोडलेल्या पुस्तकांचं वेगळं पान करा आणि वर्षाच्या शेवटी ते पुन्हा वाचा. एकाने अठराव्या पानावर टाकलेलं पुस्तक दुसऱ्याने तीन दिवसांत संपवलेलं असेल, तर पहिल्याला ते दोन वर्षांनी परत विचारा. तोवर त्याच्या वहीतल्या नोंदींवरून मधला पूल कोणत्या पुस्तकाचा असावा हे तुम्हाला दिसलेलं असेल.